चहावरचं झाकण

चहावर झाकण होतं.

एवढंच झालं. याहून मोठं काही त्या सकाळी पारक मानिहमध्ये घडलं असेल, तर ते कुणाच्या कानावर आलेलं नाही; आणि कानावर न येता घडेल असं आमच्या त्या वस्तीत आजवर काही घडलेलं नाही. सुतान पामेनान नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या चटईवर, पाय दुमडून बसला होता. मुलीनं, येल्मितानं, चहा त्याच्यापुढे ठेवला आणि ती लगेच स्वयंपाकघरात वळली. रोजचा निळ्या काठाचा एनॅमलचा मग नव्हता. काचेचा उंच पेला होता, आणि त्याच्यावर लाल बोंडाचं प्लॅस्टिकचं झाकण. ते पेले सुतानच्या चांगल्या ओळखीचे. निदारनं, त्याच्या बायकोनं, ते बाजारातून आणले तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर चढवले होते, आणि तिथून ते उतरायचे फक्त पाहुण्यांसाठी. इमाम आले की उतरायचे. मुलीला मागणी घालायला माणसं आली तेव्हा उतरले होते. निदारच्या अखेरीला सगळी आळी येऊन बसली तेव्हाही उतरले होते, आणि त्या दिवशी त्यांतला एक सुतानच्याही हातात आला होता. पण त्या दिवशी हातात काय येतंय आणि काय जातंय हे त्याला कळत नव्हतं. आज कळत होतं. झाकणाच्या कडेनं वाफेचा एक थेंब डोकावला, घरंगळला, पेल्याच्या अंगावरून खाली आला आणि चटईत जिरला. सुताननं पेल्याला हात लावला नाही.

निदार जाऊन भाताचं एक पीक निघालं होतं. घर तिच्या आईच्या जमिनीवर. विटा सुतानच्या, पाडांगच्या घाटात उभी हयात बस हाकून त्यानं एकेक खोली चढवलेली. पण वीट जमिनीवर ठेवली की जमिनीची होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घर आईकडून मुलीकडे जातं. बाप त्यातून वाऱ्यासारखा जातो. जावई म्हणजे जळक्या खोडावरची राख, असं म्हातारे म्हणतात. फुंकर आली की उडाली. बायको गेली की नवऱ्यानं आपल्या बहिणीच्या घरी परतायचं. त्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. छे, असं तोंडावर बोलणं म्हणजे रानटीपणा. जावयाशी बोलायची आमच्याकडे निराळी तऱ्हाच आहे, तिरकी. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडे मांजराला बोलतात आणि जावयाला लागतं. फक्त खूण होते. वरच्या अंगाच्या हाजी तुर्मुझीची उशी उन्हात टाकली होती, ती संध्याकाळी आत आलीच नाही, हाजी उमजला. दुसऱ्या एकाची सायकल मुलीनं नको तितकी लख्ख पुसून, तोंड रस्त्याकडे करून लावली होती. आणि त्या तिसऱ्याची गोष्ट तर अशी सांगतात, की त्याला बारा खुणा केल्या तरी कळेना, तेव्हा घरच्यांनी घरच उचलून पलीकडच्या गल्लीत नेलं आणि हा सकाळी उठला तर केळीच्या बागेत. सुताननं स्वतः ही गोष्ट बसमध्ये किती उतारूंना सांगितली होती. दर खेपेला घराची एक खोली वाढायची. आज त्याला त्या केळीच्या बागेतल्या माणसाचं हसू आलं नाही.

“मी जरा लापाऊच्या टपरीवर जाऊन येतो,” तो उठत म्हणाला.

“चहा?” आतून येल्मिताचा आवाज आला.

“आल्यावर.”

“गार होईल, आबा.”

“झाकण आहे ना,” सुतान म्हणाला. आपण हे तिरकं बोललो, हे त्याला पायरी उतरल्यावर जाणवलं. मुलीशी तो आजवर कधी तिरकं बोलला नव्हता.

बाहेर धुकं होतं. पारक मानिह नकाशात शोधू नका; नकाशा काढणारा माणूस आला होता त्या दिवशीही धुकंच होतं. दरीच्या ओठावर दालचिनीची एक जुनी बाग, तिच्यात ही घरं; एका अंगाला भाताच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला एकदम काही नाही, नुसती पोकळी आणि तिच्यात खूप खाली पाण्याचा आवाज. वस्ती दर वर्षी बोटभर दरीकडे सरकते, असं म्हणतात. शेजाऱ्यांची भांडणं आमच्याकडे फार टिकत नाहीत ती त्यामुळेच. भांडण मिटायच्या आत शेजार बदलतो. आणि धुक्याचं म्हणाल, तर एकदा नवरदेवाला वाजतगाजत आणणाऱ्यांनी धुक्यात त्याला भलत्याच घरात नेऊन बसवलं. त्या घरच्यांनीही पाहुणा आला म्हणून जेवायला वाढलं. दुपारी धुकं उठलं तेव्हा चूक कळली, पण नवरदेवाची तिसरी वाटी रंदांग संपली होती आणि घरात एक लग्नाची मुलगी होतीच. मग काय, आटोपून टाकलं. सुतानला त्याच्याच वरातीत अशी भीती वाटली होती. डोक्यावरचा जरीचा मुकुट कानावर घसरत होता, पुढे ढोलवाले दिसत नव्हते, नुसता ढोल ऐकू येत होता, आणि तो मनाशी म्हणत होता, घर चुकू नये, बाकी काही नको. मग पायरीवर एक तांब्या दिसला, पाय धुवायला ठेवलेला, आणि तांब्यामागे मेंदीनं लाल झालेली दहा बोटं. एवढंच दिसलं. तेवढं बरोबर होतं.

त्या पहिल्या वर्षी तो जुन्या रिवाजानं राहिला होता. दिवस आपल्या आईच्या घरी, आणि सांजेची झावळ पडली की चढ चढून निदारकडे. पहाटे पुन्हा खाली. चिंचेच्या वळणावर पोचला की खोकायचं, म्हणजे घरातल्यांना कळतं, जावई येतोय. सासूबाई पदर सावरतात, मेहुण्या आत पळतात. त्याचा खोकला सुरुवातीला इतका खोटा असायचा की लापाऊवरची माणसं त्याच्यामागून एका सुरात खोकायची. निदार म्हणायची, “तुम्ही खोकलात की अख्ख्या गल्लीला पडसं झालं असं वाटतं.” मग बस मिळाली, मग खोल्या चढल्या, मग येल्मिता झाली, मग कधी खोकायचं बंद झालं कोण जाणे. सकाळी निदार त्या निळ्या काठाच्या मगात चहा भरायची, तो अर्धा प्यायचा, आणि उरलेला ती उभ्या उभ्या संपवायची. स्वतःचा वेगळा चहा तिनं कधी ओतून घेतला नाही. तो म्हणायचा, घरात दुसरा मग नाही का? ती म्हणायची, आहे, पण त्यात साखर कमी पडते. आता येल्मिता मग भरून द्यायची आणि सुतान अर्ध्यावर थांबायचा, रोज, आणि मग उरलेला गार झालेला चहा हळूच अळूच्या बुडात ओतून यायचा. हे मुलीनं पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर तिला काय वाटलं असेल? म्हाताऱ्याला आपल्या हातचा चहा जात नाही, असं?

लापाऊवर, म्हणजे एतेक पियाच्या, पियामावशीच्या, कॉफीच्या टपरीवर, बाकं भरलेली होती. केळ्याच्या भज्यांच्या ताटावर पियानं वर्तमानपत्र पसरलं होतं. शिंपी जामारिस डॉमिनोच्या सोंगट्या एकेक बाहीवर पुसून मांडत होता. सुताननं हे पाहिलं आणि पाहिलंही नाही. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्या डोळ्याला जग तसंही करडंच दिसे, आणि आज दुसऱ्यालाही ते तसंच दिसत होतं. पियानं करवंटीतून कॉफीच्या पानांचा काढा त्याच्यापुढे ठेवला.

“काय रे पामेनान,” जामारिस मान वर न करता म्हणाला, “तोंड असं का? बस दरीत गेली का?”

“काही नाही.”

“नाही कसं. एवढं मोठं काही नाही मी बापजन्मात पाहिलं नाही.”

सुताननं करवंटी फिरवली. बोलायचं नव्हतं. पण लापाऊवर तोंड मिटून बसणं म्हणजे मशिदीत जाऊन आडवं पडणं. “आज चहावर झाकण होतं,” तो म्हणाला.

मग जामारिसनं सोंगटी खाली ठेवली. “झाकण? लाल बोंडाचं?”

“हं.”

“मग सोपं आहे. आज झाकण, उद्या बशी, परवा छत्री हातात देतील आणि म्हणतील, पाऊस येईल बरं, लौकर निघा.”

सगळे हसले. सुतानही हसला. पियानं काढ्याचं भांडं आदळलं. “पुरे करा रे. याच्या घरी काय चाललंय आणि दात काढताय. तुला तर बायकोनं जिवंतपणीच शिवणयंत्रासकट बाहेर काढला होता, जामारिस.”

“यंत्र तिनं आत ठेवून घेतलं, एतेक. खरं दुःख तेच आहे.”

पुन्हा हशा झाला. पण सुतानला माहीत होतं, शब्द बाकावरून उठला. आमच्याकडे शब्दाला पाय असतात आणि उतार मिळाला की चाकंही फुटतात. लापाऊवरून माशांच्या तळ्यापर्यंत ते झाकणच होतं. तळ्यापासून गिरणीपर्यंत झाकण आणि एक गाठोडं झालं. गिरणीवरून सुतानच्या थोरल्या बहिणीच्या, साउरमाच्या, ओट्यावर पोचेतो येल्मितानं बापाचे कपडे पायरीवर मांडले होते आणि म्हातारा तिथं बसून रडत होता, असं पाहणारी माणसंसुद्धा तयार झाली होती. प्रत्यक्षात म्हातारा दरीच्या कठड्यापाशी उभा होता आणि काहीच करत नव्हता.

त्याला आठवत होतं ते निदारचं थडगं, जे इथून दिसत नव्हतं. ते तिच्या कुळाच्या मातीत होतं, तिच्या आईशेजारी. त्याची जागा खालच्या अंगाला, त्याच्या मामांच्या रांगेत. मधे भाताच्या पायऱ्या. हे त्याला जन्मापासून माहीत होतं आणि आजवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घाटात बस हाकणाऱ्याला एक थांबा इथं, एक तिथं, यात कसलं आलंय नवल. पण तिला माती देताना त्यानं सहज, चालकाच्या सवयीनं, डोळ्यांनी अंतर मोजलं होतं. कठड्याखाली पाणी वाहत होतं. धुक्यातून काहीतरी मऊ, पिठासारखं हाताच्या मागल्या बाजूवर बसत होतं. त्यानं ते झटकलं, म्हातारपणी कातडी कोरडी पडते तसं. आयुष्यभर मी चढ चढून एका घरी आलो, त्याला वाटलं. आणि उतरून दुसऱ्या घरी गेलो. दोन्हीकडे कुणीतरी दार उघडलं. मी स्वतः कुठलं दार उघडलं? बसचं. उतारूंसाठी. तो एकटाच हसला, आणि मग हसू तोंडातच राहून कडू झालं. जायला हरकत नव्हती. उनी, म्हणजे साउरमा, त्याला जीव लावायची. प्रश्न जायचा नव्हता. पण मुलीनं झाकण ठेवायच्या आधी एकदा त्याच्याकडे नीट पाहायला हवं होतं. तिनं पाहिलं नाही. वळली आणि गेली.

पाय आपोआप उताराला लागले. साउरमाच्या घराच्या कुंपणापाशी तो थबकला. भाची पुढच्या खोलीच्या खिडक्या धूत होती. सण नाही, लग्न नाही, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी, बादलीभर पाण्यानं. पुढची खोली म्हणजे परतलेल्या भावांची खोली. सुतान एका झाडाआड सरकला आणि उगीचच लाजला. म्हणजे ठरलं होतं. दोन्ही घरांनी मिळून, तिरक्या शब्दांत, त्याच्या डोक्यावरून ठरवलं होतं. तिकडे झाकण, इकडे खिडक्या. किती शहाणी, किती सभ्य माणसं. तो आल्या पावली परत फिरला, पण सरळ घरी गेला नाही. तळ्याकाठी बसून राहिला, मासे वर येऊन तोंडं उघडत आणि काही न मिळता परत जात, ते पाहत.

तो घरी आला तेव्हा पायरीवर चपला होत्या. आत चटईवर साउरमा बसली होती, काळी ओढणी घट्ट आवळून, आणि तिच्यापुढे पितळी तबकात विडे. शेजारी भाची, तिच्या बोटांना अजून पाण्याच्या सुरकुत्या. समोर येल्मिता, लाकडासारखी ताठ. विड्यांना कुणी हात लावला नव्हता. परतणाऱ्या भावाला न्यायला येतात ते असंच येतात.

“डोंगरात थंडी फार आहे यंदा,” साउरमा छताला म्हणाली. “जुन्या पाखराला जुनं घरटं बरं.”

“घरट्याला पाखराचं कधी ओझं होत नाही, आत्या,” येल्मिता चटईला म्हणाली. “पण पाखरालाच उडायचं असेल तर फांदीनं काय करावं?”

“फांदी हलली म्हणूनच ना पाखरू उठतं?”

“फांदी हललीच नाही!”

बराच वेळ हे असं चाललं. बाहेरचा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, पक्ष्यांची नोंद घ्यायला मंडळी जमलीत. सुतान दारातच उभा होता. त्याच्या लक्षात आलं की येल्मिताची हनुवटी थरथरतेय, अगदी निदारची थरथरायची तशी, डावीकडून. आणि मग ती एकदम वळली आणि सगळी रीत, सगळा तिरकेपणा टाकून, लहानपणी बसच्या पायरीवर उभी राहून ओरडायची तशी ओरडली:

“आबा, तुम्हाला जायचंय का? मला सांगायचं ना! लापाऊवर जाऊन कशाला सांगितलं?”

“मी कुठं सांगितलं?” सुतान म्हणाला. “तूच सांगितलंस.”

“मी?”

“झाकण.”

“कसलं झाकण?”

त्यानं बोट दाखवलं. पेला सकाळपासून खिडकीखाली तसाच होता. येल्मितानं तिकडे पाहिलं, मग बापाकडे, मग उठली, पेला उचलून आणला आणि त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. लाल बोंड करडं झालं होतं. झाकणावर राखेचा थर होता, मऊ, पिठासारखा, आणि त्यात वाफेच्या थेंबानं पाडलेली एक बारीक वाट.

“पहाटे मारापी खोकला, आबा. खिडकीच्या फटीतून सगळ्या घरात राख येतेय. तुमच्या मगाला झाकण नाही.”

मारापी हा आमचा ज्वालामुखी डोंगर, महिन्यातून कितीदा खोकतो. शेजाऱ्याच्या खोकल्याची कुणी चर्चा करत नाही, तशी त्याचीही करत नाही. सुताननं आपल्या हाताची मागली बाजू पाहिली. भाचीकडे पाहिलं. “आणि तू खिडक्या...”

“राख हो, मामा! सकाळपासून तेच करतेय.”

साउरमा आधी हसली. तिला वरचा एकही दात नाही; ती हसली की आवाज आधी आत जातो आणि मग बाहेर येतो. “गाढवा,” ती म्हणाली, आणि हेही तिरकं नव्हतं. “लहानपणी ताटात मासा उलटा वाढला म्हणून दोन दिवस झाडावर बसला होतास. ते झाड तरी ठेवायला हवं होतं.”

पण तबक तसंच होतं. विडे घेऊन न्यायला आलेली माणसं रिकामी परतली तर साउरमाच्या घराची मान खाली. आणि विडा उचलला तर जावं लागतं. हसू ओसरलं तसं चौघांनाही हे एकाच वेळी दिसलं. येल्मिता पेला हातात धरून उभी होती आणि बापाकडे पाहत होती, सकाळी पाहायचं राहिलं होतं तसं, सरळ. सुतान हळूच खाली बसला. एक विडा उचलला. येल्मितानं डोळे मिटले.

“उनी,” तो म्हणाला, “तू न्यायला आलीस, मी येतो. पण मी नवा जावई आहे या घरचा. रिवाज माहीत आहे ना? जावई दिवसा आईच्या घरी असतो. झावळ पडली की कुठं जातो?”

साउरमानं भावाकडे पाहिलं. मग तिनंही एक विडा उचलून गालात सारला. “कोण ठेवून घेतंय तुला रात्रीचा,” ती म्हणाली. “घोरतोस.”

संध्याकाळी धुकं उठलं. डोंगर दिसायला लागले. मारापीच्या डोक्यावर अजून एक करडी जटा होती. सुतान बहिणीकडे अळूचं कालवण जेवला, पुढच्या खोलीच्या लख्ख खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि झावळ पडली तसा चढ चढू लागला. गुडघे पूर्वीसारखे नव्हते, चढ मात्र तोच होता. लापाऊपाशी जामारिसनं त्याला पाहिलं आणि बाकावरच्या सगळ्यांना कोपर मारलं. पण सुतान वळणापर्यंत पोचेतो ते गप्प राहिले. चिंचेखाली तो थांबला. घशात काही नव्हतं. वर स्वयंपाकघरात दिवा होता. त्यानं घसा साफ केला आणि खोकला, अगदी खोटा, नव्या जावयाचा. मागून सगळा लापाऊ एका सुरात खोकला.

वर खिडकी उघडली. “कोण खोकलं?” येल्मिताचा आवाज आला. “डोंगर की आबा?”

सुतान पायरीपाशी आला. चपला काढल्या.

“डोंगर,” तो म्हणाला, आणि आत गेला.

चटईवर निळ्या काठाचा मग होता. झाकण त्याला बसत नव्हतं, आत पडत होतं. तरी तिनं ते वर ठेवलं होतं, तिरकं. सुताननं ते बाजूला केलं. अर्धा चहा प्याला, थांबला. येल्मिता येऊन उभी राहिली, तिनं तो मग उचलला, आणि उरलेला उभ्या उभ्या पिऊन टाकला.